शब्दाचे शेजारी

१

मोरीतल्या नळाने घसा खाकरला, दोनदा शिंकल्यासारखं केलं आणि मग बादलीत पाण्याची धार धरली. दुपारी घरात जी काही घोटभर शांतता होती, ती तेवढ्याने मोडली. एलिनाने मांडीवरचं तान्हं बाळ अलगद पाळण्यात ठेवलं आणि ती पाण्याला धावली. कारण वसईत दारी आलेला पाहुणा एकवेळ थांबतो, नळाचं पाणी थांबत नाही. बादली सरळ करते न करते तोच दारावर थाप पडली.

दारात अर्नाळ्याची जयवंती उभी होती. डोक्यावर सुक्या मासळीची टोपली नसलेली जयवंती एलिनाने आजवर पाहिलीच नव्हती.

"टीचर, माज्या पोरीला चोर केलान," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "सगल्या शालेसमोर. प्रार्थनेला उभी करून, माइकवरून."

"कुणी? उन्नतीला? आधी आत या बरं."

"आत नको. अंगाला वास हाय माज्या. तुमच्या शालेत आता वासाचाच पुरावा चालतो."

एलिनाने तिचा हात धरून तिला आत ओढलं, पाण्याचा तांब्या पुढे केला. मग एकेक गोष्ट बाहेर आली.

एलिना विरारच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवायची. बाळंतपणाच्या रजेवर जाताना तिने एक परीक्षा काढून ठेवली होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची एक इंग्रजी भयकथा होती: समुद्राकाठच्या कड्यावर काळोखं घर, त्यात एकटी विधवा, बाहेर वादळ. कथेतले बारा अवघड शब्द मुलांना दिलेले. शब्दकोश बंद, मोबाइल बंद. कथा वाचायची, आजूबाजूच्या मजकुरावरून शब्दाचा अर्थ ताडायचा, आणि कथेतल्या कोणत्या वाक्यावरून तो ताडला ते वाक्यही समोर उतरवायचं. पहिल्या दोघांना जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवायचं. उत्तरं तिने पाकिटात घालून, चिकटवून, शाळेचा शिपाई फ्लॉईड याच्या हाती दिली होती. झेरॉक्स काढायला कथेचं पुस्तकही त्याच्याच पिशवीत टाकलं होतं.

परीक्षा झाली. पेपर तपासायला मुख्याध्यापिका रेजिना मॅडमनी पाकीट काढलं, तर ते कुणीतरी आधीच उघडून परत चिकटवलेलं. वर त्याला सुक्या बोंबलाचा वास! आणि परीक्षेच्या आदल्याच दिवशी उन्नती स्टाफरूममध्ये गेली होती, जिथल्या कपाटात ते पाकीट होतं. तिचे बारातले अकरा शब्द बरोबर आले होते.

"परेश सर म्हनले, सहामाहीला काठावर पास झालेल्या पोरीला हे शब्द येतीलच कसे? पाकिटाचा वासच सांगतोय कोन ते. स्पर्धेतून नाव काढलान. सोमवारी येऊन दाखला घेऊन जा म्हनतात." जयवंतीने तांब्या खाली ठेवला. "बाप तिचा दर्यात हाय, आठ दिवसांनी येल. त्याला काय सांगू?"

"ती स्टाफरूममध्ये कशाला गेली होती?"

जयवंतीने तिच्याकडे असं पाहिलं, की एलिनाला प्रश्न विचारल्याचीच लाज वाटली.

"सुके बोंबील द्यायला. तुमच्याच टीचरलोकांची ऑर्डर. सात पुड्या होत्या. एक तुमच्या मोठ्या मॅडमची."

२

रात्रीच्या आमटीला फोडणी घालतानाही एलिनाच्या डोक्यातली फोडणी तडतडतच होती. बोंबील खाताना बोटं चाटायची आणि तेच बोंबील आणणाऱ्या पोरीपुढे नाकाला रुमाल लावायचा!

"तू रजेवर आहेस," तिची सासू मार्था पाळण्याची दोरी ओढत म्हणाली. "नोकरी अजून कच्ची. मोठ्यांच्या भांडणात उडी मारशील आणि पाय आमचे मोडतील."

"भांडण मोठ्यांचं नाही ना, आई. चौदा वर्षांच्या पोरीचं आहे."

"मग जा बाई. पण बाळाचं दूध काढून ठेवून जा. माझ्याकडे कोरडा पाळणा देऊन जाऊ नकोस."

एलिनाला उन्नती आठवत होती. शुद्धलेखनात सपशेल आपटणारी, पण धडा वाचताना ओठ न हलवता डोळे पुढे पळवणारी. वर्गात एलिना एकच मंत्र देत असे: शब्द अनोळखी असला की त्याला घाबरायचं नाही. नवीन माणूस वाड्यात आला तर आपण काय करतो? त्याच्या शेजाऱ्यांना विचारतो. तसंच शब्दाच्या शेजाऱ्यांना विचारायचं. मागच्या बाकावरून उन्नती तेव्हा म्हणाली होती, "टीचर, आमच्या पाड्यात तर शेजारी न विचारताच सांगतात," आणि अख्खा वर्ग हसला होता. ही पोर पाकीट कशाला फोडेल?

मग तिच्या मनात आलं, आपण तरी आपल्याच मंत्राला जागतोय का? पाकिटाला वास आला, एवढंच जो तो धरून बसलाय. त्या पाकिटाचे शेजारी कोण होते, ते कुणी विचारलं?

पोरं झोपल्यावर तिने फळीवरून ते जुनं पुस्तक काढलं. झेरॉक्स झाल्यावर फ्लॉईडने ते इमानाने परत आणून दिलं होतं. पुन्हा एकदा कथा वाचावी, आणि जो एक शब्द उन्नतीचा चुकला, तो कोणता असेल ते पाहावं, असं तिच्या मनात होतं. पानं उलटत ती कथेच्या मध्यावर आली. वादळात दारावर थाप पडते. दारात ओलाचिंब माणूस. त्याला लेखकाने 'रेव्हनंट' म्हटलंय. पान संपलं. तिने पुढचं पान उलटलं, तर घरातली सगळी माणसं कंदील घेऊन समुद्राकाठी निघालेली.

मधला भाग कुठे गेला?

तिने बोटाने कडा चाचपली. पान जाड लागत होतं. समोरासमोरची दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली होती, आणि कडेला काहीतरी तांबूस, मधासारखं सुकलेलं होतं. तिने ते नखाने खरवडून नाकाशी नेलं.

सुकेळी! राजेळी केळं सोलून, उन्हात वाळवून केलेली घरची सुकेळी, हाताला लागली तर धुतल्याशिवाय सुटत नाही अशी चिकट. वरच्या कोपऱ्यात केळीच्या सुक्या पानाचा इवला तुकडाही होता.

"पिंकी," सकाळी तिने सहा वर्षांच्या लेकीला समोर घेतलं, "हे पुस्तक तू घेतलं होतंस? खरं सांग, मी रागावणार नाही."

"फ्लॉईड अंकल यायच्या आधी घेतलं होतं," पिंकी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली. "तू तिथे वाचत होतीस ना, ती जागा हरवू नये म्हणून सुकेळी ठेवली. वर उशीपण ठेवली. मग सुकेळी खाल्ली मी."

एलिनाने पिंकीचा असा मुका घेतला की ती पोर घाबरलीच. पुस्तक शाळेत गेलं तेव्हाच पानं चिकटलेली होती, तर मग मुलांच्या हातात पडलेल्या कथेत…

३

शाळेत निघताना पिंकी पदराला लोंबकळली, तेव्हा तिलाही रिक्षात घालावं लागलं. फाटकाशीच फ्लॉईड भेटला.

"फ्लॉईड, उन्नतीने आणलेल्या पुड्या तू कुठे ठेवल्या होत्यास?"

"कपाटात, टीचर. मांजर लई माजलंय. बाहेर ठेवल्या असत्या तर टीचरलोकांनी माझंच सुकट केलं असतं."

"कोणत्या कपाटात?"

"एकच तर आहे. परीक्षेचं." त्याने जीभ चावली. "खालच्या खणात जागा नव्हती, म्हणून वरच्या खणात. तुमच्या पाकिटावरच."

"आणि उन्नती कपाटाजवळ गेली होती?"

"छे! पोर दारात चप्पल काढून उभी होती. आत ये म्हटलं तरी आली नाही. पुड्या माझ्या हातात दिल्या न् पळाली."

"मग हे तू मॅडमना का नाही सांगितलंस?"

"मला विचारलं कुणी?" फ्लॉईड म्हणाला. "परेश सर बोलत होते, मॅडम ऐकत होत्या. मी चहा देत होतो."

एलिनाचे कान तापले. पाकिटावर रात्रभर बोंबलाच्या पुड्या ठेवल्या तर त्याला काय मोगऱ्याचा वास येणार होता? पण वासाने उन्नती सुटत असली, तरी पाकीट उघडणारा सापडत नव्हता. कपाटाची किल्ली परीक्षा-प्रमुख परेश सरांकडे असे. पण मधल्या सुट्टीत ती खिळ्याला लटकलेली सगळ्यांनीच पाहिली होती. नुसत्या किल्लीवरून कुणावर बोट ठेवायचं, तर तिच्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?

जिन्याखाली उन्नती दप्तर छातीशी धरून उभी होती. वर्गात बसायची मनाई होती म्हणे.

"टीचर, मी नाय उघडलं."

"ठाऊक आहे गं मला. एक सांग, परीक्षेत तू हात वर केला होतास, असं तुझी आई म्हणाली. काय विचारलंस?"

"गोष्ट तुटल्यासारखी वाटली. मानूस दारात उभा, आनि पुढच्या ओळीत सगले दर्यावर. मी परेश सरांना म्हटलं, सर, मधलं कायतरी नाय. ते म्हनले, समजत नसेल तर गप बस, गोष्ट नाय, तुझं डोकं तुटलंय. सगले हसले."

"आणि तो शब्द? रेव्हनंट?"

"मी लिहिलं, 'दर्यातून सुखरूप परत आलेला मानूस.'" ती घुटमळली. "चुकलं ना? पन तो भिजलेला होता, टीचर. बाहेर वादल. बायको खिडकीत दिवा लावून बसलेली. आमच्याकडं बोट यायला उशीर झाला की आय अशीच बसते. मग दारात तोच आला असनार ना?"

अर्थ चुकला होता, साफ चुकला होता. पण जेवढे शेजारी हाताशी होते, त्या सगळ्यांना पोरीने प्रामाणिकपणे विचारलं होतं.

"चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "आणि दप्तर पाठीवर घे. चोरासारखं छातीशी धरू नकोस."

४

मुख्याध्यापिकेच्या खोलीत रेजिना मॅडम होत्या, आणि परेश सर खुर्चीवर रेलून बसले होते. आचोळ्याला त्यांचा खासगी क्लास होता. दरवर्षी नाक्यावर पोरांच्या फोटोंचा फलक लागे आणि मधोमध सरांचा फोटो, पोरांपेक्षा मोठा.

"एलिना टीचर! रजेत कशाला त्रास घेतलात?" सर म्हणाले. "मॅटर क्लोज आहे."

"मॅटर चौदा वर्षांचं आहे, सर, आणि जिन्याखाली उभं होतं. मॅडम, पेपर मी काढला होता. उत्तरपत्रिका एकदा पाहू द्या."

मॅडमनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि गठ्ठा पुढे सरकवला. एलिनाने आधी फ्लॉईडला बोलावून पुड्यांची हकीकत सांगायला लावली. 'एक पुडी मॅडमचीपण' इथे तो आला, तेव्हा मॅडमनी टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला.

"ठीक आहे, वासाचं सोडा," परेश सर म्हणाले. "अकरा बरोबर कसे आले? हिच्याच वर्गातल्या सुमेधचे बारा आले तर समजू शकतो. तो हुशारच आहे. पण ही?"

"सुमेधच्या पेपरकडेच येते." तिने सुमेधचा पेपर वर काढला. "रेव्हनंट. अर्थ लिहिलाय: 'मेल्यानंतर परत आलेला.' बरोबर. सर, हा अर्थ त्याने कशावरून ताडला?"

"वाक्य लिहिलंय ना समोर. वाचा की."

एलिनाने मोठ्याने वाचलं आणि मराठीत सांगितलं, "'तीन हिवाळ्यांपूर्वी हे डोळे तिने स्वतःच्या हाताने मिटले होते.' विधवा दारातल्या माणसाचा चेहरा पाहते, तेव्हाचं वाक्य आहे हे. उत्तरांत मी हेच दिलं होतं."

"मग? पोराने नेमकं वाक्य शोधलं. हुशारी म्हणतात त्याला."

"मॅडम, परीक्षेत वाटलेली झेरॉक्स आहे का एखादी?"

मॅडमनी खणातून एक काढली. एलिनाने ती सरांच्या पुढ्यात ठेवली.

"यातलं ते वाक्य मला दाखवा, सर."

परेश सरांनी पानं उलटली. परत उलटली. एक बोट ओळींवरून खाली गेलं, वर आलं. दाराशी पिंकी खडू जमिनीवर घासत होती.

"नाही सापडणार," एलिना म्हणाली आणि तिने पिशवीतून पुस्तक काढलं. "ते वाक्य इथे आहे. या दोन चिकटलेल्या पानांच्या आत. माझ्या लेकीने यात सुकेळी ठेवली होती, फ्लॉईड पुस्तक न्यायला आला त्याच्याही आधी. झेरॉक्सवाल्याने दोन्ही पानं एकदम उलटली, आणि समासातले आकडेही कापले गेले. एकाही मुलाच्या हातात हे वाक्य आलं नाही. मग सुमेधने ते वाचलं कुठे?"

तिने आणखी दोन पेपर काढून त्यावर ठेवले. "या दोघांचे बाकीचे काही शब्द चुकलेत, पण हे वाक्य त्यांनी वाचलं कुठे? तिघांनाही न छापलेलं वाक्य शब्द न् शब्द दिसलं. या परीक्षेपुरतं ते दोनच ठिकाणी होतं. एक या चिकटलेल्या पानांत, आणि दुसरं माझ्या पाकिटात. हे तिघं कोणाच्या क्लासला जातात, ते मी सांगू की तुम्ही सांगता?"

"बोट ठेवताना विचार करा, टीचर," सर म्हणाले. पण खुर्चीवरचं रेलणं गेलं होतं. "पोरं लबाड असतात. त्यांनीच पाकीट—"

"सुमेधला बोलवा," मॅडम फ्लॉईडला म्हणाल्या.

सुमेध आला. सरांकडे बघून हसला. आपण कशात आहोत याचा त्याला पत्ताच नव्हता.

"हे वाक्य कुठे वाचलंस रे?" मॅडमनी विचारलं.

"क्लासमध्ये, मॅडम. सरांनी फळ्यावर इम्पॉर्टंट म्हणून बारा शब्द लिहून दिले होते, वाक्यांसकट. पाठ करून या म्हणाले." त्याने एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्याचं हसू विझलं. "का? चुकीचं होतं का, सर?"

परेश सर खिडकीबाहेर पाहत होते.

"तुझं काही चुकलं नाही," एलिना त्याला म्हणाली. मग ती सरांकडे वळली, आणि कालपासून दाबून धरलेलं सगळं एकदम उसळलं. "या पोरीने भर परीक्षेत उभं राहून सांगितलं होतं, मधलं काहीतरी नाही म्हणून! अख्ख्या शाळेत तेवढीच एक खरंच गोष्ट वाचत होती. तुम्ही तेव्हा झेरॉक्स हातात घेऊन बघितली असती, मधली पानं मागवली असती, तर तुमचीच चोरी लपली असती. पण अर्नाळ्याच्या पोरीला काही कळत असेल, हे तुमच्या डोक्यात येणारच कसं? वास आला म्हणालात ना? आलाच. फक्त बोंबलाचा नव्हता तो."

५

शाळा म्हणजे शाळा. ती आपल्या पद्धतीनेच वळली. परेश सर 'तब्येतीच्या कारणाने' लगेच रजेवर गेले. चौकशी समिती नेमू, असं मॅडम म्हणाल्या. परीक्षा रद्द झाली. नवी कथा, नवे शब्द घेऊन ती पुन्हा होणार, आणि या खेपेला पाकीट मॅडमच्या घरी राहणार. दाखल्याची गोष्ट कुणी काढलीच नव्हती असं सगळे वागू लागले.

जयवंतीला बोलावणं गेलं. ती लुगडं बदलून, धापा टाकत आली. मॅडमनी खोलीचं दार आतून लावून घेतलं, उन्नतीच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज बराच खाली आणून म्हणाल्या, "गैरसमज झाला हं बाळ. सॉरी. मन लावून अभ्यास कर."

"गैरसमज," जयवंती पुटपुटली. तोंडात खडा लागल्यासारखी.

"मॅडम, हे उद्या प्रार्थनेच्या वेळी सांगायला हवं," एलिना म्हणाली. "आरोप तिथेच झाला होता."

"जाऊ दे ना आता, एलिना. शाळेचं नाव आहे. कशाला उगाच पुन्हा चर्चा?"

"आणि तिचं नाव?"

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. मग, काहीतरी गोड बोलून शेवट करावा म्हणून असेल, जयवंतीला म्हणाल्या, "आणि हो, पुढच्या खेपेला बोंबील जरा जाड बघून पाठव. मागचे फार बारीक होते."

जयवंतीने पदर खोचला. "बोंबील आता नाक्यावरून घ्या, मॅडम," ती म्हणाली. "माजी पोर इथं शिकायला येते."

बाहेर फाटकाशी उन्नतीने हळूच विचारलं, "टीचर, त्या मधल्या पानात काय होतं?" एलिनाने पुस्तक तिच्या दप्तरात घातलं. "वाफेवर धर, सुटतील पानं. सावकाश सोडव. आणि मग मला सांग, तुझा अर्थ तुला जास्त आवडला की त्या लेखकाचा." पोर पहिल्यांदा हसली. मायलेकी अर्नाळ्याच्या बसकडे निघाल्या. दप्तर पाठीवर होतं. पण पटांगणात उभ्या असलेल्या मुलींनी एकमेकींना कोपराने डिवचलं, ते एलिनाने पाहिलं. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी चोर चालली होती.

रिक्षात पिंकी खडूने पांढरी झालेली बोटं फ्रॉकला पुसत होती. एलिनाच्या ब्लाउजला दूध पाझरून ओल आली होती, बाळाची वेळ टळून गेली होती, आणि जिंकून घरी निघालेल्या माणसाला जसं वाटावं तसं तिला मुळीच वाटत नव्हतं.

"मम्मी," पिंकीने तिची बाही ओढली, "उन्नतीताईला ओरडले तेव्हा माइक होता ना?"

"होता."

"मग सॉरी म्हणताना दार का लावलं?"

एलिनाने पिंकीच्या केसांवरून हात फिरवला, आणि फिरवतच राहिली.